पिनियन सील परत परत गळतंय? नवीन सील आणायच्या आधी हे बघा

मागच्या डिफ्रन्शियलचं (मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा, थोडक्यात डिफ) पिनियन सील, म्हणजे त्यात पुढून शिरणाऱ्या दांड्याभोवतीची तेल अडवणारी रबरी रिंग, बदललं, काही दिवस कोरडं राहिलं आणि परत तिथेच ओलं, मग अजून एक सील आणि परत तेच, या चक्रात जे अडकलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. पहिल्यांदा गळालं तर समजू शकतो, शेवटी रबरच ते, गरम-थंड होऊन कडक होतं, लिप म्हणजे त्याची आतली घासणारी धार झिजते, सील बदला आणि विषय संपवा. पण नवीन सीलही थोड्याच दिवसांत गळायला लागलं तर शक्यतो सीलचा दोष नसतो, त्याला दुसरंच काहीतरी खातंय आणि ते जोवर सापडत नाही तोवर जगातलं सगळ्यात भारी सील बसवलंत तरी गळणारच.

सगळ्यात आधी तेल खरंच पिनियनपासूनच येतंय का ते बघा. फ्लँज, म्हणजे सीलच्या बाहेरची जी चकती गिअरबॉक्सकडून येणाऱ्या लांब प्रोपेलर शाफ्टला जोडलेली असते ती, गाडी चालताना गरगर फिरते त्यामुळे तिथून निघालेलं तेल नुसतं खाली टपकत नाही तर चहूकडे उडतं, वर बॉडीच्या तळाला, सायलेन्सरच्या पाइपवर, टाकी जवळ असेल तर तिच्यावर, आणि फ्लँजच्या बरोबर वर-खाली तेलाचा एक पट्टा उमटतो. असा पट्टा दिसला तर पिनियनच. पट्टा नाही आणि हाउसिंगचं तोंड नुसतं तेलकट धुळीने माखलंय तर गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून गळून तेल वाऱ्याने मागे येतंय असंही असू शकतं. डिफचं तेल ओळखायला सोपं असतं, गंधकासारखा उग्र वास येतो आणि कपड्याला लागलं तर धुतल्यावरही तो जात नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल त्यामानाने पातळ आणि बहुतेक वेळा लाल. शंका राहिलीच तर सगळं पुसून कोरडं करा, सीलभोवती टाल्कम पावडर भुरभुरवा, गाडी पंधरा-वीस मिनिटं फिरवून आणा आणि टॉर्च घेऊन खाली जा, पहिली ओली रेघ कुठून निघते ते पावडरवर स्वच्छ दिसतं. साफ करायला ब्रेक क्लीनर वापरत असाल तर थेट सीलच्या लिपवर मारू नका, रबराला ते मानवत नाही.

आता आतली रचना दोन शब्दांत, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. पिनियनचा दांडा दोन टेपर बेअरिंगांवर फिरतो, एक गिअरजवळ आणि एक बाहेर सीलच्या मागे. दोन्हीच्या मधे बऱ्याच गाड्यांत पातळ पत्र्याची एक नळी असते, क्रश स्लीव्ह म्हणतात, मोठा नट आवळला की ती चेपते आणि बेअरिंगांवर ठरावीक दाब बसतो, तो दाब म्हणजे प्रीलोड. बाहेर दांड्याच्या स्प्लाइनवर, म्हणजे टोकाच्या लांबट खाचांवर, फ्लँज, फ्लँजवर नट. सीलची लिप दांड्यावर नाही तर फ्लँजच्या गुळगुळीत मानेवर घासते. म्हणजे सील काढायचं तर फ्लँज काढायची, फ्लँज काढायची तर तोच नट सोडायचा ज्याच्यावर बेअरिंगांचा प्रीलोड अवलंबून आहे. या कामात लोक फसतात ते इथेच, सील काढणं-घालणं हा त्यातला सोपा भाग आहे.

परत परत गळण्याचं फुकटात तपासता येणारं कारण म्हणजे ब्रीदर. आश्चर्य याचं वाटतं की सील बदलणारे त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. डिफ चालून गरम झाला की आतली हवा फुगते आणि तिला बाहेर पडायला अॅक्सलच्या नळीवर किंवा हाउसिंगवर एक छोटी टोपी असते, काही गाड्यांत तिथून एक पाइप वर चेसिसपर्यंत नेलेला असतो. ती टोपी चिखलाने, गंजाने किंवा कुणीतरी खालून रंग मारताना रंगाने बुजली की हवेला वाट राहत नाही, झाकण घट्ट लावलेली बाटली उन्हात ठेवल्यासारखी गत होते आणि मग हवा तेलाला घेऊन जिथे सगळ्यात कमी अडथळा आहे तिथून म्हणजे सीलच्या लिपखालून बाहेर पडते. नवीन सील असलं तरी पडते. याची खूण अशी की शहरात थोडं थोडं चालवलं तर कोरडं आणि लांब हायवेवर गेलं की ओलं. कधी कधी पिनियन सीलबरोबर मागच्या चाकांची सीलंही एकाच सुमारास गळायला लागतात, असं झालं तर ब्रीदरवरच पहिला संशय घ्या.

तपासायला ब्रीदर काढून हातात घ्या, टोपी बोटाने हलली पाहिजे, आतून फुंकलं तर हवा आरपार गेली पाहिजे. पाइपवाला असेल तर पाइप काढून कॉम्प्रेसरने हवा मारा, मात्र पाइप डिफला जोडलेला असताना मारू नका नाहीतर तेच प्रेशर सीलवर जाईल. पाण्यातून गाडी नेणाऱ्यांना अजून एक सांगतो, गरम डिफ एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर खाली असेल तर तिथून, बुजलेला असेल तर सीलमधून, पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ दिसलं तर हेच झालंय, मग नुसतं सील बदलून भागणार नाही, तेल बदला आणि ब्रीदरचा पाइप उंच न्या.

लागलीच तेलाची लेव्हलही बघून घ्या. गाडी सपाट जागी उभी करून भरायचा प्लग उघडला की तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असावं (काही गाड्यांत थोडं खाली सांगितलेलं असतं, मॅन्युअल बघा). प्लग उघडताच भळाभळा बाहेर आलं तर कुणीतरी जास्त भरलंय, तेही गळतीला हातभार लावतं. एक साधी गोष्ट, तेल काढायच्या आधी भरायचा प्लग सुटतोय का ते बघा, खालचं तेल काढून मोकळे झालात आणि वरचा प्लग गंजून बसलेला निघाला तर गाडी तिथेच.

ब्रीदर चांगला निघाला तर आता प्ले, म्हणजे दांड्याचा ढिलेपणा. मागची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट म्हणजे ठोकळे लावा कारण मागे हँडब्रेक लागणार नाहीये आणि गिअरही न्यूट्रलला असणार आहे. प्रोपेलर शाफ्ट सोडायच्या आधी शाफ्ट आणि फ्लँज दोन्हीवर एका रेषेत खूण करा, त्याच जागी परत बसवायचा असतो, नाहीतर बॅलन्स बिघडून नवीनच थरथर सुरू होऊ शकते. क्रॉसवाला जॉइंट असेल तर सुटल्या बाजूच्या कपांना टेप गुंडाळा, एक कप खाली पडला की आतले रोलर जमिनीवर शोधत बसावं लागतं. आता फ्लँज दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलवा. गोल फिरवताना जो थोडा खटका लागतो तो दात्यांमधला बॅकलॅश, तो असायचाच, त्याने घाबरू नका. पण आत-बाहेर किंवा वर-खाली जरा जरी हललं तर बेअरिंग गेलंय किंवा प्रीलोड संपलाय, आणि दांडा हलत असेल तर सीलची लिप त्याच्याबरोबर किती हलणार, एका बाजूला दाबली जाते, दुसऱ्या बाजूला फट पडते. इथेच थांबा. अशा डिफला सील घालणं म्हणजे पैसे आणि रविवार दोन्ही वाया. तो उघडून बेअरिंग बदलायचं काम आहे आणि त्यात पिनियनची खोली, दात्यांचा पॅटर्न हे सगळं येतं, ज्याला जमतं त्याच्याकडेच द्या.

ड्रेन प्लगला चुंबक असेल तर तोही बघून घ्या. काळपट लोण्यासारखा बारीक लगदा चालतो, हाताला टोचणारे कण किंवा चकत्या निघाल्या तर सील ही तुमची छोटी अडचण आहे.

प्ले नाही असं धरून पुढे जाऊ. नट सोडायच्या आधीच, हे फार महत्त्वाचं, प्रीलोड मोजून लिहून ठेवा. चाकं काढा, ड्रम किंवा कॅलिपरही काढा म्हणजे ब्रेकचा अडकाव मोजमापात येणार नाही, आणि छोट्या टॉर्कचा (टॉर्क म्हणजे फिरवायला लागणारा जोर) डायलवाला किंवा काट्यावाला रेंच नटाला लावून दांडा सावकाश एकसारखा फिरवा. फिरताना जे रीडिंग दिसतं ते घ्यायचं, सुरुवातीला जो झटका लागतो तो नाही. क्लिकवाला रेंच इथे कामाचा नाही, त्याला ठरावीक टॉर्क आला हे सांगता येतं, फिरताना किती लागतोय ते दाखवता येत नाही. असा रेंच नसेल तर फ्लँजभोवती दोरी गुंडाळून स्प्रिंगच्या ताणकाट्याने ओढा, ओढ गुणिले फ्लँजची त्रिज्या म्हणजे टॉर्क. समजा त्रिज्या ५ सेंटीमीटर आणि काटा फिरताना २ किलो दाखवतोय तर साधारण १ न्यूटन मीटर झाला. थोडा जुगाड आहे पण अंदाजपंचे आवळण्यापेक्षा कितीतरी बरा.

मग सेंटर पंचने दांड्याच्या टोकावर, नटावर आणि फ्लँजवर एका रेषेत टिपके मारा आणि नटाबाहेर किती आटे दिसतायत ते मोजा, फोटो काढलात तर उत्तमच. नट सोडताना फ्लँज धरायला लांब पट्टीला दोन भोकं पाडून ती फ्लँजला बोल्टने आवळायची, पट्टीचं दुसरं टोक जमिनीला किंवा चेसिसला टेकतं. पाइप पान्याने फ्लँजची मान धरणारे बघितलेत, तीच मान ज्याच्यावर सील घासणार आहे, तिच्यावर दातांचे ठसे पाडून मग विचारतात गळतं का. सोडताना इम्पॅक्ट गन लावलीत तरी हरकत नाही. फ्लँज पुलरने ओढा, हातोडीने मागून ठोकू नका, वाकली तर शाफ्ट थरथरणार आणि ती थरथर सीललाच भोगायची.

फ्लँज हातात आली की फडक्याने पुसून उजेडात धरा. मानेवर एक चमकदार गोल रेघ दिसेल, जुनं सील जिथे घासत होतं ती जागा. अंगठ्याचं नख त्या रेघेवरून आडवं फिरवा. नुसतीच चमक असेल आणि नख अडकत नसेल तर काही नाही. नख अडकलं, चर जाणवली, तर परत परत गळण्याचं कारण तुमच्या हातात आहे, नवीन सीलची लिप त्या चरीत नीट बसत नाही आणि तेल खालून सरकत राहतं. गंजाचे खड्डे असले तरी तेच. यावर दोन उपाय, नवीन फ्लँज किंवा मानेवर चढवायची पातळ स्टीलची स्लीव्ह, एसकेएफची स्पीडी स्लीव्ह हे नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, जाडी जेमतेम पाव मिलिमीटर असते त्यामुळे सील त्याच मापाचं चालतं. चर खोल असेल तर आधी धातूची पूड असलेल्या एपॉक्सीने भरून वरून स्लीव्ह ठोकायची. तिसरा जुगाड म्हणजे सील एक-दोन मिलिमीटर कमी-जास्त खोल बसवायचं म्हणजे लिप चरीच्या बाजूच्या कोऱ्या जागी येते, चालतो, पण मागची तेल परत जायची वाट सीलने बुजत नाही ना एवढं बघा. माझं मत विचाराल तर नवीन फ्लँज मिळत असेल तर तीच घ्या.

किरकोळ गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने काढता येतो पण पेपर सरळ गोलाकारच फिरवा. तिरका घासलात तर आट्यांसारख्या बारीक तिरक्या रेषा उमटतात आणि फ्लँज फिरायला लागली की त्याच रेषा तेल बाहेर ढकलतात. डोळ्याला मान चकाचक दिसते आणि तरी गळतं, मग माणूस डोकं धरून बसतो.

जुनं सील काढायला सील पुलर किंवा स्लाइड हॅमर वापरा, पट्टीने उचकटत असाल तर टेकू दांड्याच्या आट्यांवर घेऊ नका आणि हाउसिंगच्या भोकात ओरखडा पडू देऊ नका, त्या ओरखड्यातून सीलच्या बाहेरच्या अंगाने गळतं आणि दोष लिपला जातो. जुनं सील लगेच टाकू नका, आधी नीट बघा. लिप एकाच बाजूला जास्त खाल्लेली असेल तर दांडा हलतोय किंवा सील तिरकं बसलं होतं. लिपमागची छोटी गोल स्प्रिंग जागेवर नाही तर बसवताना उडाली होती. लिप जळून कडक झालीय तर ती कोरडी फिरली किंवा डिफ प्रमाणाबाहेर तापतोय. लिप अगदी नव्यासारखी असूनही गळत होतं तर ब्रीदर, फ्लँजची चर किंवा स्प्लाइन यातलं काहीतरी आहे.

नवीन सील घालताना स्प्रिंगवाली बाजू आत, तेलाकडे. काही सीलच्या लिपवर तिरक्या बारीक रेघा आणि बाहेर बाण असतो, गाडी पुढे जाताना दांडा ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेचा बाण पाहिजे, उलट्या दिशेचं सील तेल आत ढकलायच्या ऐवजी बाहेर ओढतं आणि माप तंतोतंत जुळत असल्याने कुणाला संशयही येत नाही. स्प्रिंगच्या खाचेत ग्रीस भरा म्हणजे ठोकताना ती उडत नाही, लिपलाही ग्रीस लावा. बाहेरचा काठ नुसत्या धातूचा असेल तर सीलंटचा पातळ हात, रबर चढवलेला असेल तर काही लावू नका. सीलच्या बाहेरच्या काठावर बसेल असा पाइपचा तुकडा किंवा मोठं सॉकेट घेऊन चहूबाजूंनी सारखं ठोकत आत न्या, एका बाजूने ठोकत गेलात तर सील तिरकं जातं आणि तिरकं बसलेलं सील सरळ करता करता वाकतं.

स्प्लाइनमधून होणारी गळती बऱ्याच जणांना माहीतच नसते. तेल बेअरिंगमधून पुढे येतं, दांडा आणि फ्लँज यांच्यातल्या स्प्लाइनच्या फटींतून सरकत नटापर्यंत पोचतं आणि नटाखालून बाहेर पडतं. सील कोरडं असतं, फ्लँजचा मधला खळगा ओला. म्हणून फ्लँज चढवताना स्प्लाइनवर थोडं सीलंट लावा आणि नटाच्या किंवा वॉशरच्या बसायच्या तोंडावरही. आधीच्या वेळी हे केलं नसेल तर कदाचित तुमची पूर्ण गळती एवढ्यावरच थांबेल.

आता नट. नवीनच घ्या, तो परत परत वापरायचा नसतो. नट बदलला की नटावरची जुनी खूण गेली, फ्लँज बदलली की तिच्यावरचीही, मग भरवसा लिहून ठेवलेल्या प्रीलोडवर आणि दिसणाऱ्या आट्यांवर. आवळताना इम्पॅक्ट गन अजिबात नाही, लांब हँडल, फ्लँज पट्टीने धरलेली, आणि थोडं थोडं. जुन्या जागेच्या जवळ आलात की दर थोड्या आवळणीला थांबा, दांडा बरेच वेढे फिरवून बेअरिंग बसू द्या, मोजा, परत थोडं. मूळ रीडिंगच्या वर साधारण ३ ते ५ इंच-पाउंड म्हणजे ०.३ ते ०.६ न्यूटन मीटर येईपर्यंत जायचं असं बऱ्याच डिफसाठी सांगितलेलं असतं, तुमच्या गाडीचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअल खरं. काही कंपन्या दर वेळी नवीन क्रश स्लीव्हच घाला म्हणतात, तिथे ऐका. ज्यात क्रश स्लीव्ह नसून कडक स्पेसर आणि शिम (पातळ चकत्या) असतात त्यात सरळ ठरावीक टॉर्कला आवळायचं, एवढा ताप नाही.

आवळणी पुढे गेली आणि रीडिंग जास्त आलं तर नट थोडा सैल करून बरोबर आकड्यावर आणायचा मोह होतो. तसं करू नका. स्लीव्ह एकदा चेपली की परत फुलत नाही, नट मागे घेतला की मधे ताणच उरत नाही आणि नट हळूहळू ढिला होत जातो, मग दांड्याला प्ले, मग परत सील. अशा वेळी नवीन स्लीव्ह घालून पहिल्यापासून आवळणं हाच रस्ता, बऱ्याच डिफमध्ये सील आणि बाहेरचं बेअरिंग काढलं की स्लीव्ह पुढूनच निघते. नवीन स्लीव्ह चेपायला पहिल्यांदा प्रचंड जोर लागतो, कित्येक शे न्यूटन मीटर, आणि एकदा चेपायला लागली की मात्र थोड्याशा आवळणीतही रीडिंग भराभर चढतं, तिथे घाई नको.

कडा ठोकून लॉक करायचा नट असेल तर आता कड दांड्याच्या खाचेत ठोका, शाफ्ट खुणेवर लावून बोल्टांना थ्रेडलॉकर (आटे सुटू न देणारा द्रव) लावा, जॉइंटचा क्रॉस हातात आलाच आहे तर कपांमधले सुईसारखे रोलर वाळलेत का, अडकत फिरतोय का ते बघा, कारण खराब क्रॉसची थरथर सरळ पिनियनच्या नाकावर, म्हणजे सीलजवळच्या पुढच्या टोकावर, येते. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच भरा. बऱ्याच ठिकाणी जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-९० असतं आणि लिमिटेड स्लिप डिफला त्याचं वेगळं अॅडिटिव्ह लागू शकतं.

पहिल्या फेरीला वेग बेताचा ठेवा, परत आल्यावर पिनियनच्या नाकाला हात जवळ नेऊन बघा, आधी बोटाचं टोक, एकदम तळवा टेकवू नका. कोमट-गरम ठीक, हात क्षणभरही ठेवता येत नसेल तर प्रीलोड जास्त झालाय. अॅक्सिलरेटर दाबल्यावर किंवा सोडल्यावर आधी नव्हता असा भुणभुण आवाज येत असेल तरी तेच, ‘चालून चालून बसेल’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, लगेच परत उघडा. आवाज नाही, तापत नाही, पण खळग्यात तेल दिसतंय तर स्प्लाइनचं सीलंट नीट लागलं नाही. आणि सगळं कोरडं पण लांबच्या प्रवासानंतरच ओलं होतंय तर ब्रीदर परत काढा, पाइपवाला असेल तर पाइप कुठे मुडपलाय का ते हाताने चाचपत वरच्या टोकापर्यंत जा.